६४ वरून २० वर: मुलीचं वजन घसरलं की जागेवर आलं?

एका आईचा प्रश्न थोडक्यात असा: "मुलगी सहा महिन्यांची झाली. जन्माचं वजन ३.४ किलो, दोन महिन्यांना ५.१, चार महिन्यांना ६.० आणि आता ६.६. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आकडे भरले तर पर्सेंटाइल आधी ६४, मग ४८, मग २९ आणि आता २० दाखवतं. लांबी ६४ सेंमी. फक्त अंगावर पिते, हसते, पालथी पडते, आवाज आला की वळून बघते. घरातले म्हणतात, तुझं दूध पुरत नाही, डब्याचं सुरू कर. माझं काय चुकतंय?"

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. या आकड्यांवरून तरी तुमचं काही चुकलेलं दिसत नाही, आणि एवढ्यावरून डबा उघडायची गरज नाही. पण 'सगळं ठीक आहे, जा' असंही म्हणणार नाही. दोन-तीन गोष्टी तपासायच्या आहेत.

पर्सेंटाइल हा शब्द आपण परीक्षेतून घरी आणतो आणि तिथूनच घोळ सुरू होतो. २० म्हटलं की शंभरपैकी वीस मार्क, म्हणजे नापास, असं डोक्यात बसतं. इथे कुणी परीक्षा दिलेली नाही. सहा महिन्यांच्या शंभर निरोगी मुली वजनाप्रमाणे रांगेत उभ्या केल्या आहेत, आणि तुमची लेक साधारण विसाव्या जागी आहे, एवढाच त्याचा अर्थ. 'निरोगी' हा शब्द महत्त्वाचा. रांगेतली पहिली किंवा तिसरी मुलगीही निरोगीच धरलेली आहे. सगळ्या मुली पन्नासाव्या जागी उभ्या राहू शकत नाहीत, नाहीतर ती रांग कसली? तरी आई-वडील येतात ते 'पन्नासच्या वर कसं न्यायचं' हे विचारायला. गेली पंचवीस वर्षं मी हा प्रश्न ऐकतोय आणि दरवेळी मला तेच सांगावं लागतं, की ५० हा मध्य आहे, लक्ष्य नव्हे.

ही रांग कुणी लावली, हे तुमच्या घरातल्या वादाशी थेट जोडलेलं आहे. म्हणून थोडं मागे जाऊ या. १९७७ साली अमेरिकेत तयार झालेले तक्ते पुढे कितीतरी वर्षं जगभर वापरले गेले. त्यातली तान्ह्या बाळांची मापं अमेरिकेतल्या एकाच भागातली होती आणि त्यातली बहुतेक बाळं बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. अंगावर पिणारं बाळ पहिले दोन-तीन महिने भराभर वाढतं आणि मग त्याचा वेग बाटलीच्या बाळापेक्षा कमी होतो. ही त्याची नेहमीची चाल. पण जुन्या तक्त्यावर तेच बाळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून 'घसरताना' दिसायचं. मग सल्ला ठरलेला: दूध पुरत नाही, वरचं द्या. त्या सल्ल्यावर वाढलेली पिढी आज आजी-आजोबा झाली आहे. ते वाईट मनाने बोलत नाहीत. त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली नवे तक्ते दिले. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात दिल्ली, मस्कत, ऑस्लो, अक्रा, ब्राझीलमधलं पेलोटास आणि कॅलिफोर्नियातलं डेव्हिस अशा सहा ठिकाणी सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली. आई धूम्रपान न करणारी, बाळ अंगावर पिणारं, घरची परिस्थिती वाढीच्या आड न येणारी, अशी बाळं निवडली होती. इतक्या वेगवेगळ्या ठिकाणची ती मुलं लांबीत एकमेकांच्या फारच जवळ निघाली. तेव्हा 'आमच्याकडची मुलं लहानच असतात' हे पालुपदही थोडं जपून वापरायला हवं. तुमचं अ‍ॅप कोणता तक्ता वापरतं ते सेटिंगमध्ये बघा. जागतिक आरोग्य संघटनेचा हवा.

तिथेच आणखी एक गोष्ट बघा: मुलगी निवडली आहे ना? हसू नका, हे मी अनेकदा पाहिलं आहे. सहा महिन्यांच्या मुलींचा मध्य ७.३ किलो, मुलग्यांचा ७.९. तुमच्या लेकीचे तेच ६.६ किलो मुलाच्या तक्त्यावर टाकले तर २० चे एकदम ५ च्या आसपास होतात. एका चुकीच्या टिचकीने निरोगी बाळ आजारी दिसायला लागतं.

आता त्या २० या आकड्यातच किती दम आहे ते बघू. समजा, वजन करताना डायपर ओला होता, म्हणजे १५० ग्रॅम जास्त. काट्यावर ६.७५ येईल आणि अ‍ॅप २६ दाखवेल. शिवाय बाळ नुकतंच पोटभर प्यायलंय, आणखी १०० ग्रॅम. आता झाले ३०. बाळ तेच, दिवस तोच, आणि पर्सेंटाइलमध्ये दहाचा फरक. तक्त्याच्या मधल्या भागात बाळांची दाटी असते. त्यामुळे थोडं वजन हललं तरी पर्सेंटाइल बरंच हलतं. कडेला गर्दी विरळ असते, तिथे तेवढ्याच वजनाने फारसं हलत नाही. म्हणून ४८ चे २९ झाले हे वाचायला जेवढं भयंकर वाटतं तेवढं ते वजनात नसतं.

काट्यांबद्दल मी स्वतः एकदा चांगला धडा शिकलो. एका आठवड्यात माझ्याकडची चार-पाच बाळं एकदम 'कमी' भरली. पाचव्या बाळाच्या आईला मी दुधाबद्दल चार प्रश्न विचारून रडवलं, तेव्हा मदतनीस बाई म्हणाल्या, "सर, काटा परवा पडला होता." ठरावीक वजन ठेवून पाहिलं तर तो दीडशे ग्रॅम कमी दाखवत होता. त्या आईची माफी मागितली. तेव्हापासून वक्ररेषेत अचानक खड्डा दिसला की आधी काट्यावर संशय घेतो, मग बाळावर. तुमची चारही वजनं एकाच काट्यावर झाली आहेत का? जन्माचं वजन दवाखान्यात, पुढचं लसीकरणाच्या ठिकाणी आणि आत्ताचं घरच्या मोठ्या काट्यावर, बाळाला कडेवर घेऊन उभं राहून, असं असेल तर त्या रेषेवरून निष्कर्ष काढू नका.

तरी धरून चालू की वजनं बरोबर आहेत. मग ६४ वरून २० का?

जन्माचं वजन बाळाचं पूर्णपणे स्वतःचं नसतं. पोटात असताना ते किती वाढेल हे बरंचसं आईचं गर्भाशय, नाळ, आईची तब्येत आणि साखर यांवर ठरतं. १९३८ साली इंग्लंडात एक गमतीदार प्रयोग झाला होता. अवजड शायर घोडे आणि बुटके शेटलंड तट्टू यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. वंश दोन्हीकडे अर्धा-अर्धा, पण शायर घोडीचं शिंगरू मोठं जन्मलं आणि शेटलंड घोडीचं लहान. शिंगरू आईच्या पोटाच्या मापाने वाढलं होतं. माणसाच्या बाळाचंही असंच होतं. जन्मल्यावर आई आणि बाप या दोघांकडून आलेला वारसा हळूहळू आपलं चालवायला लागतो. जरा मोठी जन्मलेली काही बाळं खालच्या रेषेवर उतरतात, लहान जन्मलेली वर चढतात, आणि बहुतेक साधारण दोन वर्षांपर्यंत आपल्या रेषेवर स्थिरावतात. चढणाऱ्या बाळाची आई फोन करत नाही. उतरणाऱ्या बाळाची करते. गंमत म्हणजे दोघांचं होतंय एकच. तेव्हा मला तुम्हा दोघांची उंची कळवा. तुम्ही पाच फूट आणि बाळाचे बाबा साडेपाच फूट असाल, तर ही मुलगी ६४ वर टिकावी अशी अपेक्षा धरायला काही आधार नाही.

उतरणं साधं आहे की काळजीचं, हे वजन एकटं सांगत नाही. त्यासाठी लांबी आणि डोक्याचा घेर शेजारी ठेवून बघावा लागतो. तुमच्या लेकीची ६४ सेंमी लांबी सहा महिन्यांच्या मुलींमध्ये २० ते २५ पर्सेंटाइलच्या दरम्यान बसते. वजन २०. म्हणजे ती वाळलेली नाही, एकूण अंगानेच थोडी लहान आहे आणि लांबीला साजेसं वजन आहे. हे मला वजनाच्या आकड्यापेक्षा जास्त धीर देतं. अर्थात लांबी नीट मोजलेली असेल तर. पाय ओढत्या बाळाला टेपने मोजलं की दोन सेंटिमीटर सहज इकडेतिकडे होतात. पाटीवर झोपवून, एकाने डोकं धरून आणि दुसऱ्याने गुडघे सरळ करून घेतलेलं मापच धरा.

पोषण कमी पडतं तेव्हा त्याला एक क्रम असतो. आधी वजन थांबतं, बऱ्याच काळाने लांबी मंदावते, आणि डोकं सगळ्यात शेवटी, कारण शरीर मेंदूचा वाटा शेवटपर्यंत राखतं. वजन खाली आणि लांबी-डोकं आपल्या जागी, असं दिसलं तर मी दूध, पिण्याची पद्धत, पचन, लपलेला आजार असा शोध घेतो. लांबीच आधी मागे पडली आणि बाळ गुबगुबीत असेल तर थायरॉइड वगैरे हार्मोन्सकडे लक्ष जातं. डोक्याचा घेर एकटाच रेषा सोडायला लागला, वर किंवा खाली, तर तो विषय वजनाचा राहतच नाही. तुम्ही घेर कळवलेला नाही. पुढच्या वेळी मोजून घ्या.

आता तुमच्या आकड्यांकडे. दोन-दोन महिन्यांनी वाढ झाली १.७ किलो, ०.९ आणि ०.६. मधोमध असलेल्या मुलीची याच काळातली वाढ साधारण १.९, १.३ आणि ०.९ किलो असते. म्हणजे वेग सगळ्यांचाच उतरतो. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढणारं बाळ नंतर १५-२० वर येतं आणि सहाव्या महिन्यानंतर आणखी कमी. तुमची मुलगी मध्यापेक्षा थोडी मंद आहे, थांबलेली नाही. माझं लक्ष गेलं ते दुसऱ्याच गोष्टीकडे: उतरण्याची सर्वांत मोठी पायरी दोन ते चार महिन्यांत होती, शेवटची सर्वांत लहान आहे. रेषा सपाटीकडे येतेय. आपली जागा शोधणाऱ्या बाळाचा आलेख असाच दिसतो.

'दोन रेषा ओलांडल्या की धोका' हे तुम्ही वाचलं असेलच. त्यातही खोच आहे. ज्या तक्त्यावर ३, १५, ५०, ८५, ९७ अशा रेषा छापल्या आहेत, त्यावर तुमच्या मुलीने एकच रेषा ओलांडली, पन्नासची. ज्यावर २५ आणि ७५ च्या रेषाही आहेत तिथे दोन, ५० आणि २५. बाळ तेच, छपाई वेगळी. म्हणून रेषा मोजण्यापेक्षा अंतर बघायचं. ब्रिटनमधल्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना शेजारच्या दोन रेषांमधला अख्खा पट्टा मोजायला सांगतात. जन्मवजन ९ ते ९१ पर्सेंटाइलच्या दरम्यान असेल, तर दोन किंवा जास्त पट्टे उतरल्यावर तपास करायचा. जन्मवजन ९ च्या खाली असेल तर एकच पट्टा पुरे, आणि ९१ च्या वर असेल तर तीन. हे मला पटतं, कारण जे आधीच लहान आहे त्याच्याकडे घसरायला शिल्लक कमी असते. तुमची मुलगी ६४ वरून २० वर येताना दोन पूर्ण पट्टे उतरलेली नाही, पण फार लांबही नाही. म्हणून तर सुरुवातीला 'जा' म्हणालो नाही. शिवाय 'कमी वजन' असा शिक्का ज्या रेषेखाली बसतो ती सहा महिन्यांच्या मुलीसाठी ५.७ किलोची आहे. तिच्यापासून तुम्ही जवळपास किलोभर वर आहात.

दूध पुरतंय का, हे काट्याआधी बाळच सांगतं. दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा लंगोट नीट ओले होतात का? पिताना गिळल्याचा आवाज येतो का? पिऊन झाल्यावर हात सैल पडतात का? जागेपणी टवटवीत असते का? चारही उत्तरं 'हो' असतील तर घरच्यांना तसं सांगा. एक गोष्ट मात्र विचारायची राहिली: चौथ्या महिन्याच्या आसपास रात्रीचं पाजणं कमी झालं का, किंवा बाळ आवाजाने विचलित होऊन अर्धवट पिऊन तोंड काढतं का? या वयात जग इतकं रंगीत दिसायला लागतं की कितीतरी बाळं दिवसा नीट पीतच नाहीत. शांत, थोड्या अंधाऱ्या खोलीत पाजून बघा. दोन-तीन जादा वेळा पाजल्याने पडणारा फरक डबा उघडल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा कमी नसतो, आणि अंगावरचं दूध आटत नाही.

तसंही सहा महिने झालेच आहेत, तेव्हा वरचं अन्न सुरू करायची हीच वेळ. इथे मी बघतो ती नेहमीची चूक म्हणजे पातळ पाण्यासारखं भरवणं. बाळाचं पोट लहान असतं. ते पाण्याने भरलं की दूधही कमी जातं आणि ऊर्जाही मिळत नाही. चमचा तिरका केल्यावर ओघळून न जाणारं, घट्टसर, थोडा स्निग्धांश असलेलं आणि लोह मिळेल असं अन्न द्या. दूध चालूच ठेवा.

वजन रोज करू नका. १९९२ साली काही बाळांची लांबी वारंवार मोजून असं दिसलं होतं की बाळ रोज थोडंथोडं वाढत नाही. काही दिवस, कधी कित्येक आठवडे काहीच नाही आणि मग एका दिवसात अर्धा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. वजनावर तर पाणी, शी, दूध सगळ्यांचाच खेळ. या वयात निरोगी बाळाला महिन्यातून एकदापेक्षा जास्त वेळा काट्यावर ठेवून हाती फक्त काळजी लागते. सकाळी, पाजण्याआधी, उघडं, त्याच काट्यावर ठेवा. अ‍ॅप बंद करून एका कागदावर बिंदू जोडा, असंही मी कित्येकांना सांगतो. नायजेरियातल्या खेड्यात काम करणाऱ्या डेव्हिड मॉर्ले या ब्रिटिश डॉक्टरांनी आईच्याच हातात द्यायचं वाढीचं कार्ड रूढ केलं, ते याच विचाराने: बिंदू कुठे आहे यापेक्षा रेषा कुठे चालली आहे ते बघा.

मी खरोखर कधी घाबरतो तेही सांगतो. माझ्याकडे एकदा ५० पर्सेंटाइलचं बाळ आलं होतं. घरचे खुशीत होते, 'बरोब्बर मध्यावर आहे' म्हणून. पण तीन महिन्यांपूर्वी ते ९० च्या वर होतं आणि मधल्या सहा आठवड्यांत वजन जवळजवळ हललंच नव्हतं. पिताना कपाळाला घाम यायचा, दम लागून मध्येच थांबायचं. त्याच्या हृदयात छिद्र निघालं. आणि ३ पर्सेंटाइलवर वर्षभर सरळ रेषेत चाललेली, घरभर रांगणारी कितीतरी बाळं मी नुसती खेळवून परत पाठवली आहेत. पिताना घाम किंवा धाप, हिरवी उलटी, प्रत्येक दुधानंतर जोरात उडणारी उलटी, शीमध्ये रक्त, आठवडे चाललेले जुलाब, लंगोट कमी ओले होणं, दिवसभर सुस्ती, येत असलेली गोष्ट विसरणं, यातलं काहीही असेल तर पर्सेंटाइल ८० असलं तरी त्याच दिवशी दाखवा. दुसऱ्या टोकाला, काहीही लक्षण नसताना नुसतं वजन अडलं तर मी लघवीची तपासणी मागतो, कारण लघवीचा संसर्ग या वयात कधीकधी एवढाच दिसतो.

दोन गोष्टी इतर वाचकांसाठी, थोडक्यात. बाळ दिवस पूर्ण भरायच्या आधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय मोजताना तेवढे आठवडे वजा करा. दोन महिने आधी आलेलं सहा महिन्यांचं बाळ तक्त्यावर चार महिन्यांचं आहे. आणि नवजात बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं. दहा ते चौदा दिवसांत ते जन्मवजनावर परत आलं की झालं. तीन आठवड्यांतही आलं नाही तर थांबू नका.

तर तुम्ही एवढं करा: घेर मोजा, उंच्या कळवा, काटा तोच ठेवा, आणि दोन महिन्यांनी पुन्हा वजन करा. मध्ये चैन पडलं नाही तर एकदा महिन्याने. या रेषेवर राहिली तर सात महिन्यांना साधारण ६.९ आणि आठ महिन्यांना ७.१ ते ७.२ किलो भरायला हवी. सात महिन्यांना ६.७ दिसलं तर मी आठव्या महिन्याची वाट बघेन. तेव्हाही ६.६-६.७ च असेल, तर पुढची तारीख बघत बसू नका, तिला घेऊन या.